किचनमध्ये एकटं कोण असतं?

किचनचा थ्रीडी व्ह्यू कधी नीट बघितलाय? डिझायनर लॅपटॉप आपल्याकडे फिरवून दाखवतो तो. चकचकीत शटर, ओट्यावर एका बाऊलमध्ये हिरवीगार सफरचंदं, खिडकीत कसलंतरी परदेशी झाड, आणि माणूस एकही नाही. ओला ओटेपुसणाही नाही, कुकरची शिट्टी धुऊन उलटी ठेवलेली नाही. आपण भुलतो, अ‍ॅडव्हान्स देतो, आणि राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी साडेसातला कळतं की त्या चित्रात आपल्या घरातलं कोणी मावतच नाहीये.

कारण साडेसातला काय चित्र असतं, तर एक जण पोळ्या लाटतंय, दुसरं डबे भरतंय, सासूबाईंना त्यांचा बिनसाखरेचा चहा स्वतःच करायचाय कारण दुसऱ्यानं केला की तो उकळतच नाही म्हणे, पोरगा फ्रीज उघडून काहीही न घेता नुसता उभा आहे, आणि तेवढ्यात भांड्याच्या मावशी येतात, त्यांना सिंक रिकामं हवं असतं. एवढी सगळी मंडळी आठ बाय दहाच्या खोलीत. माझं आपलं मत असं झालंय की किचनमधल्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे, मापं घ्यायच्या आधी माणसं मोजायची राहून जातात.

हे सगळं हल्ली डोक्यात घोळतंय कारण माझ्या मावसबहिणीला डोंबिवलीत रिडेव्हलपमेंटमधला फ्लॅट मिळतोय आणि तिच्या किचनशिवाय आमच्या फोनवर दुसरा विषय नाही. एक शहाणपणा तिनं आधीच केलाय, बिल्डरला सांगून ओटा न बांधता खोली घेतली. नाहीतर बिल्डर आपला ठरलेला ओटा, ठरलेलं सिंक टाकून मोकळा होतो आणि लोक नवाकोरा ग्रॅनाइट फोडतात नाहीतर तसंच रेटतात.

आता एकट्या बाईनं उभं राहून स्वयंपाक करायचा, तोही कमीत कमी पावलांत, ही मॉड्युलर किचनमागची कल्पना आली कुठून हे वाचायला घेतलं तर मोठी मजेदार गोष्ट निघाली. १९२६, जर्मनीतलं फ्रँकफर्ट. पहिल्या महायुद्धानंतर घरांची भयंकर टंचाई, शहरानं हजारो छोटी घरं बांधायला काढलेली, त्या कामाचा प्रमुख अर्न्स्ट माय नावाचा वास्तुरचनाकार, आणि त्याच्या टीममध्ये ऑस्ट्रियातून आलेली मार्गारेट लिहोत्स्की, पुढे शुटे-लिहोत्स्की. तिनं घड्याळ लावून कामांचे वेळ मोजले, आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं किचन डोळ्यासमोर ठेवलं आणि १.९ मीटर बाय ३.४ मीटरमध्ये सगळं बसवलं. म्हणजे साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट, आपल्याकडच्या वन बीएचकेतलं किचन म्हणा ना. अशी जवळपास दहा हजार किचन्स बसवली गेली. पिठं, डाळी, तांदूळ ठेवायला नावं लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे ड्रॉवर, त्यातही कणीक ठेवायचा डबा मात्र ओक लाकडाचा, का तर त्यात किडे होत नाहीत म्हणून. कपाटांचा रंग निळसर हिरवा, माश्या त्या रंगावर बसत नाहीत अशी समजूत. इतका बारीक विचार! आणि गंमत म्हणजे बाईंनीच नंतर सांगितलंय की हे डिझाइन करेपर्यंत त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. (पुढे त्या नाझींच्या विरोधात काम करताना पकडल्या गेल्या, १९४५ पर्यंत तुरुंगात होत्या, आणि शंभरी पार करून २००० साली वारल्या. त्यांच्यावर वेगळा लेखच लिहायला हवा, असो.)

पण त्या किचनवर टीका काय झाली, तर त्यात दुसरं माणूस शिरलं की अडचण होते आणि बाई आत एकटी पडते. शंभर वर्षं झाली आता, आणि आपण अजून तेच विकत घेतोय, फक्त शटर अ‍ॅक्रिलिकचं.

पुढे अमेरिकेत त्याच विचाराचा त्रिकोण झाला, सिंक, गॅस आणि फ्रीज या तीन जागा जोडल्या तर तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फूट असावी असं. हा त्रिकोण चुकीचा नाहीये, उगाच कोण नाव ठेवील. पण आपल्याकडे डिझायनर तो काढून दाखवतो आणि त्या त्रिकोणातून दिवसभर कोण कोण आडवं जाणार आहे हे विचारतच नाही. ड्राय बाल्कनीचं दार किचनमधूनच असतं, तिथे वॉशिंग मशीन, तिथेच भांडी, म्हणजे घरातली निम्मी वाहतूक गॅससमोरून. त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे फ्रीज आणि पाण्याचा फिल्टर किचनच्या दाराजवळ घ्यायचा, म्हणजे ज्याला नुसतं पाणी प्यायचंय तो फोडणीच्या आणि आपल्या मध्ये येत नाही. मावसबहिणीच्या प्लॅनमध्ये फ्रीज पार आतल्या कोपऱ्यात होता कारण तिथे तो "छान लपतो". अगं, फ्रीज लपवायचाय कशाला, चोरीचा आहे का? शिवाय कोपऱ्यात भिंतीला चिकटवलेल्या फ्रीजचं दार पूर्ण उघडत नाही आणि आतला भाजीचा ड्रॉवर बाहेर येत नाही, हे मी तीन घरांत बघितलंय.

ओट्याच्या उंचीवर मात्र मी तासभर बोलू शकते. शोरूममध्ये गेलात तर कोणी ३४ इंच म्हणेल, परदेशी कंपनीचं असेल तर सरळ ३६. कोणासाठी? आपल्याकडे बऱ्याच बायका पाच फुटांच्या अलीकडे-पलीकडे. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायची, आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे, ही चिरायच्या कामाची उंची. पाच फुटांच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२-३३ वर आला पाहिजे. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण पोळ्यांचं काय? पोळी लाटताना वरून जोर द्यायचा असतो, म्हणजे हात अजून खाली हवेत, आणि आपल्या पोळपाटाला पाय असतात, ते दीड-दोन इंच वर उचलतात ते वेगळंच. ३४ चा ओटा पोळपाटासकट ३६ होतो, खांदे कानाकडे चढतात, आणि दोन महिन्यांनी मान धरली म्हणून फिजिओथेरपी. त्यामुळे जागा असेल तर ओट्याचा दोन-अडीच फुटांचा तुकडा ३० इंचांवर घ्यावा, नाहीतर सरळ डायनिंग टेबलवर लाटाव्यात, त्याची उंची बहुतेक तीसच असते. लोकांना वाटतं टेबलवर पोळ्या म्हणजे गबाळेपणा. वाटू दे.

तेच गॅसचं. ओट्यावर शेगडी ठेवली की चार-पाच इंच वाढले, त्यावर पातेलं. सणाला मोठ्या पातेल्यात मसालेभात ढवळताना आमची काकू अक्षरशः टाचा वर करून आत बघते. शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घेतला की प्रश्न मिटतो, जुने गवंडी हे न सांगता करायचे, आता मात्र फॅब्रिकेटेड सांगाड्यावर सगळं एका रेषेत दिसलं पाहिजे म्हणून कोणी करत नाही. आणि सिंकचं याच्या बरोब्बर उलटं. सिंकचा तळ आठ-नऊ इंच खाली असतो, हात तिथे जाणार, म्हणून सिंकची कड उलट दोनेक इंच वर हवी, नाहीतर कंबर गेलीच.

आता सिंकपाशी उभं कोण असतं? ज्यांच्या घरी मावशी येतात त्यांच्या घरी त्या. ओट्याची उंची ठरवताना घरातल्या बाईला उभं करून माप घेतात, फार तर नवऱ्याला विचारतात (आणि तो "मला काय, तुझं तू बघ" म्हणतो), पण रोज तासभर भांडी घासणाऱ्या मावशींना विचारलेलं मी आजवर एका घरात पाहिलेलं नाही. एका मैत्रिणीच्या अतिशय देखण्या किचनमध्ये मावशी देवापुढचा जुना पाट पायाखाली घेऊन भांडी घासतात. पाट ओला होतो, घसरतो. आणि काही मावशींना बसून घासायचं असतं, त्यांना ड्राय बाल्कनीत खाली नळ आणि मोरीचा उतार दिला की त्या खूश, मग किचनमधलं सिंक कपबश्यांपुरतं. काहींना बसवत नाही, त्यांचे गुडघे गेलेले असतात. विचारायला लागतं एवढंच.

गुडघ्यांवरून आठवलं, फ्रँकफर्टच्या त्या किचनमध्ये खिडकीखालच्या कामाच्या जागेपाशी एक फिरतं स्टूल दिलेलं होतं. बसून करायचं काम बसून करा म्हणून. आपण बाकी सगळं उचललं, स्टूल विसरलो! आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी तर सगळा स्वयंपाकच बसून व्हायचा, चूल खाली, विळी खाली, पाटा-वरवंटा खाली. मग स्टोव्ह आणि गॅस आले, ओटा आला, बाई उभी राहिली, तिची धुरातून सुटका झाली हे खरंच, पण मग ती उभीच राहिली. ओट्याखाली इंच न इंच ट्रॉल्या भरतात, पाय घालायला जागा नाही, त्यामुळे स्टूल घेतलं तरी आडवं बसावं लागतं. एक दोन फुटांचा भाग खालून मोकळा ठेवायला सांगितला तर कारपेंटर असं बघतो जसं काही आपण पैसे फेकून देतोय. ठेवावा. मेथी निवडायला, लसूण सोलायला, सत्तरीच्या आईला दहा मिनिटं टेकायला, पोराला अभ्यासाला, कशालाही लागतो.

सिंक घ्यायला जाताना घरातली सर्वात मोठी परात आणि पाच लिटरचा कुकर मापून जावं, जमलं तर परात घेऊनच जावं, दुकानदार हसला तर हसू दे. दोन कप्प्यांची सिंकं दिसायला भारी असतात पण दोन्हींत परात आडवी बसत नाही. आणि धुतलेली भांडी कुठे निथळणार? थ्रीडीत भांडी धुतलेलीच नसतात त्यामुळे हा प्रश्न येत नाही, प्रत्यक्षात मात्र भांड्यांचं टोपलं कायमचं ओट्यावर येऊन बसतं आणि कामाची जागा तेवढ्यानं कमी होते. सिंकच्या बाजूला दोन फूट निथळायला द्यायचेच असं धरून उरलेला ओटा मोजावा. ओटा मोजायचा म्हणजे रिकामा मोजायचा, मिक्सर, फिल्टर, ओव्हन, टोपलं बसवल्यावर जो उरतो तो. कित्येकदा बारा फुटांच्या ओट्यावर चिरायला दीड फूट उरतो.

गॅस सिलिंडरचं थोडक्यात सांगते पण हे हसण्यावारी नेऊ नका. पाइपचा गॅस अजून सगळीकडे नाही आणि जिथे येणार म्हणतात तिथे कधी येईल ते देव जाणे. १४.२ किलोचा गॅस, त्यात टाकीचं वजन, भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो ट्रॉलीच्या कपाटात कोंबायचा तर सरकवणार कोण हे बघा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या कपाटाला अगदी तळाशी हवेची जाळी पाहिजे. नुसती वर जाळी ठेवून उपयोग नाही, आणि घट्ट बंद होणारं सुंदर शटर तर मुळीच नको. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर, नळी दीड मीटरच्या आत, दिसेल अशी, ड्रॉवरच्या मागून वळवलेली नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. रेग्युलेटरपर्यंत हात एका झटक्यात पोचला पाहिजे, डाळींचे डबे काढून नाही.

लाइटचे पॉइंट तर टाइल लागायच्या आधीच ठरतात आणि तेव्हा आपण टाइलच्या रंगावर भांडत असतो. इंडक्शन दोन हजार वॉटची, तिला साधा सहा अँपिअरचा पॉइंट चालत नाही, सोळाचा लागतो, ओव्हनलाही तोच, आणि दोन्ही एकाच वायरवर नकोत. मिक्सरचा पॉइंट सिंकजवळ नको आणि गॅसच्या मागे तर नकोच. ट्यूब खोलीच्या मध्यावर लावली की आपण ओट्याकडे तोंड करून आपल्याच सावलीत कांदा चिरतो, वरच्या कपाटाखाली एक एलईडी पट्टी, बस.

आता मटेरियल. इथे मी जरा जुन्या वळणाची आहे. आपल्या आयांच्या किचनमध्ये कडप्प्याची मांडणी असायची, काळी, बोजड, धारेला हात लागला तर रक्त, पण पाण्यानं तिचं काही वाकडं होत नव्हतं. आपण अजूनही किचन पाण्यानं धुतो, आणि पावसाळ्यात कोकणात, गोव्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात. तिथे पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, डबे (कपाटांचे सांगाडे) बसवले की दोन-तीन पावसाळ्यांत खालच्या कडा फुगतात, लॅमिनेट सुटतं. ओळखीच्या एका घरी तर सिंकखालचा तळच हातात आला, आणि बसवून देणाऱ्यांनी "पाणी लागू द्यायचं नव्हतं" असं उत्तर दिलं. सिंकखाली! निदान सिंकखालचा आणि खालच्या रांगेचा भाग तरी मरीन प्लायचा घ्यावा, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो कारपेंटरनं लॅमिनेट चढवायच्या आधी स्वतः बघावा. साधा एमआर ग्रेड म्हणजे ओलाव्याला जरा तोंड देणारा, पाण्यात उभा राहणारा नव्हे. डबे जमिनीवर टेकवण्याऐवजी चार इंचांच्या पायांवर घ्यायचे आणि पुढची पट्टी काढता येईल अशी, म्हणजे खाली झुरळांचं काय चाललंय ते अधूनमधून बघता येतं. आणि ओट्याच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्यावी, पाणी शटरवर न ओघळता तिथेच तुटून खाली पडतं. खर्च जवळजवळ नाही, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

ओपन किचनबद्दल मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. फोडणीचा ठसका आणि बोंबलाचा वास सोफ्याच्या कापडात मुरलेला ज्यांना चालतो त्यांनी जरूर करावं. पण मग चिमणीवर अवलंबून राहावं लागतं, आणि चिमणीचं नुसतं सक्शन बघून भागत नाही, तिचा सहा इंची पाइप बाहेर कुठून जाणार ते आधी बघा. चिमणी या भिंतीला आणि भोक त्या भिंतीला, मध्ये तीन वळणं, असं असेल तर कितीही महाग घ्या, ती नुसता आवाज करणार. भोक कुठे आहे त्यावरून गॅसची जागा ठरवावी. यात वास्तुवाले मध्ये येतात, आग्नेय कोपरा, पूर्वेकडे तोंड. ते पाळायचं असेल तर खुशाल पाळा, फक्त पहिल्याच दिवशी डिझायनरला सांगा, कारण ओटा झाल्यावर सासरे होकायंत्र घेऊन आले की घरात जे होतं ते मी पाहिलंय.

राहता राहिली जमीन. सध्या मावसबहिणीचं आणि तिच्या आईचं, म्हणजे माझ्या मावशीचं, यावरूनच वाजलंय. बहिणीला हवाय ब्रेकफास्ट काउंटर, दोन उंच खुर्च्या, वर लोंबते दिवे. मावशीला हवीय खाली मोकळी फरशी, कारण दिवाळीत करंज्या करायला चार जणी मांडी घालून बसतात, एक लाटणार, एक सारण भरणार, एक कातणार, एक तळणीपाशी. बहीण म्हणते चार जणी येतात कुठे आता, फराळ आपण ऑर्डर करतो. मावशी म्हणते बसायला जागाच नसेल तर येतील कशा. बहिणीचं म्हणणं खोटं नाही, वर्षातून एकदा लागणाऱ्या जागेसाठी रोजची सोय का सोडायची, पण सणाच्या दिवशी बाहेर हॉलमध्ये कागद पसरून करंज्या केल्या की तेल नेमकं हॉलच्याच टाइल्सवर, हेही खरं.

शेवटी मी त्यांना म्हटलं, खडू घ्या आणि फ्लॅटवर जाऊन जमिनीवर सगळं आखा, ओटा, फ्रीज, उघडलेल्या ट्रॉल्या, काउंटर, खुर्च्या मागे ओढल्यावर लागते ती जागासुद्धा. मग घरातल्या सगळ्यांनी त्यात उभं राहायचं आणि खोटाखोटा स्वयंपाक करायचा, चहासकट. रविवारी गेले होते सगळे. जिजाजींच्या लक्षात आलं की डिशची ट्रॉली उघडली की ड्राय बाल्कनीचं दारच लागत नाही. आठवीतल्या पोरानं फ्रीज दाराशी आणला, स्वतःच्या सोयीनं अर्थात. मावशी काउंटरच्या आखलेल्या चौकोनात जाऊन सरळ मांडी घालून बसली आणि उठेचना. आता काउंटर भिंतीला बिजागरीवर, हवा तेव्हा पाडायचा, असं ठरतंय, पण बिजागरीचा काउंटर हलतो असं कारपेंटर म्हणतो, आणि बहीण म्हणते की मग उंच खुर्च्या कुठे ठेवायच्या. खुर्च्या तिनं घेऊन ठेवल्यात आधीच.